थरांच्या ग्राफीनमध्ये एवढ्या फेज येतात कुठून?

तुमचा प्रश्न असा: ग्राफीन म्हणजे कार्बनची साधी षटकोनी जाळी. तिचे दोन, तीन, पाच थर एकावर एक ठेवले की त्यात धातू, विसंवाहक, चुंबक, अतिवाहक अशा सगळ्या फेज, म्हणजे अवस्था, सापडतात. रासायनिक बदल तर काहीच नाही, मग हे येतं कुठून? तापमान तेच ठेवून नुसतं गेटचं (नमुन्याजवळच्या, त्यातले इलेक्ट्रॉन कमी-जास्त करणाऱ्या विद्युतपट्टीचं) व्होल्टेज फिरवल्यावर जे घडतं त्याला फेज ट्रान्झिशन का म्हणायचं? आणि एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी यातलं काय हाती घेता येईल?

बहुतेक जण या विषयाची सुरुवात २०१८च्या ‘मॅजिक अँगल’पासून, म्हणजे दोन थर सुमारे १.१ अंश फिरवून ठेवलेल्या ग्राफीनपासून, करतात. मी तसं करणार नाही. फिरवलेलं ग्राफीन हे यातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण आहे, पण समजायला सर्वांत सोपं नाही. आधी एकच थर इतका शांत का राहतो ते पाहा.

एका थरात इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या संवेगाच्या सरळ प्रमाणात वाढते. वॉलेस यांनी ग्राफाइटचा हिशेब मांडताना १९४७मध्येच हे दाखवलं होतं. मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००४मध्ये सेलोटेपनं सुटा थर काढून दाखवल्यावर ते मोजताही आलं. इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे १० लाख मीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा तीनशेवा भाग. आता इलेक्ट्रॉनांची घनता वाढवली की त्यांची गतिज ऊर्जा घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. पण दोन इलेक्ट्रॉनांमधलं सरासरी अंतरही वर्गमुळाच्याच प्रमाणात कमी होतं, त्यामुळे त्यांच्यातलं कुलोम प्रतिकर्षणही तेवढ्याच पटीनं वाढतं. दोन्हींचं गुणोत्तर निर्वातात सुमारे २.२ येतं, भोवती बोरॉन नायट्राइडसारखा पदार्थ असेल तर आणखी कमी. गेट कितीही फिरवा, हा तोल हलत नाही. शिवाय ऊर्जेचा आलेख दोन शंकूंसारखा दिसतो, आणि ते जिथे टोकाला टोक लावून भेटतात तिथे इलेक्ट्रॉनांना बसायला जागाच जवळपास शून्य. त्यामुळे चुंबकीय क्षेत्राशिवाय एकटा थर साधा अर्धधातूच (सेमीमेटल) राहतो.

चुंबकीय क्षेत्र लावलं की चित्र पालटतं, कारण मग ऊर्जेच्या पातळ्या सपाट होतात. २००५मध्ये ग्राफीनमधला क्वांटम हॉल परिणाम, म्हणजे प्रवाहाच्या आडव्या दिशेतला (हॉल) रोध पायऱ्यापायऱ्यांनी बदलणं, दिसला आणि २००९मध्ये अधांतरी ताणलेल्या ग्राफीनमध्ये अपूर्णांकी क्वांटम हॉल परिणामही दिसला. गतिज ऊर्जा सपाट झाली की इलेक्ट्रॉनांना एकमेकांची दखल घ्यावीच लागते. थरांचं ग्राफीन हा मुळात चुंबकीय क्षेत्राशिवाय हीच सपाटी मिळवण्याचा उद्योग आहे.

रचना बदलली की घातांक बदलतो

दोन थर नैसर्गिक बर्नाल रचनेत, म्हणजे ‘एबी’ पद्धतीनं बसले की सरळ शंकू जाऊन त्याजागी परवलय येतं. इलेक्ट्रॉनला वस्तुमान मिळतं, मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या सुमारे ३ टक्के. गतिज ऊर्जा आता घनतेच्या सरळ प्रमाणात, प्रतिकर्षण मात्र अजून वर्गमुळाच्याच. म्हणजे घनता कमी कराल तसतशी गतिज ऊर्जा आधी कोसळते आणि प्रतिकर्षण वरचढ ठरतं. तीन थर ‘एबीसी’ रचनेत (प्रत्येक थर त्याच दिशेनं आणखी सरकलेला) असतील तर ऊर्जा संवेगाच्या घनाप्रमाणे जाते, चार थरांत चौथ्या घातानं, पाचांत पाचव्या. घातांक जितका मोठा तितका बँडचा (इलेक्ट्रॉनांना मिळणाऱ्या ऊर्जांच्या पट्ट्याचा) तळ सपाट.

इथे रचना फार महत्त्वाची. ‘एबीए’ रचनेतल्या (तिसरा थर पहिल्याच्या नेमका वर) तीन थरांत आरशासारखी सममिती असते. त्यांचे बँड म्हणजे एका थराचा शंकू आणि दोन थरांचं परवलय एकत्र ठेवल्यासारखे दिसतात. अशाच नमुन्यांत चुंबकीय क्षेत्राखाली क्वांटम हॉल चुंबकत्वाच्या अनेक फेज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) मंदार देशमुख यांच्या गटानं २०१७मध्ये नोंदवल्या. क्षेत्राशिवाय मात्र मजा एबीसीतच जास्त आहे, आणि हीच रचना हाताळायला नाठाळ. ग्राफाइटमध्ये ती अल्पसंख्याक, ऊर्जेच्या दृष्टीनं किंचित महाग. टेपनं काढलेल्या फ्लेकमध्ये (पापुद्र्यात) रामन नकाशा, म्हणजे लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून काढलेला रचनेचा नकाशा, एबीसी दाखवतो, तुम्ही तेवढाच तुकडा कापून वेगळा करता, वर-खाली बोरॉन नायट्राइड चढवता, आणि पुन्हा मोजावं तर थर घसरून सगळं एबीए झालेलं. या क्षेत्रातले कितीतरी प्रबंध या घसरण्यामुळे लांबले असतील! बोरॉन नायट्राइडचे उत्तम स्फटिक जगभरच्या प्रयोगशाळांना जपानमधल्या त्सुकुबा इथून तानिगुची आणि वातानाबे पुरवत आले आहेत. या विषयावरच्या असंख्य पेपरांत ही दोन नावं लेखकांच्या यादीत दिसतात ती त्यामुळेच.

दुसरी कळ म्हणजे थरांना लंब विद्युत क्षेत्र. नमुन्याच्या वर एक आणि खाली एक अशी दोन गेट असतात. दोन्ही एकाच दिशेनं वाढवली तर घनता वाढते. विरुद्ध दिशेनं फिरवली तर घनता तीच राहून वरच्या आणि खालच्या थरांत विभवांतर तयार होतं. त्यानं बँडमध्ये फट पडते. दोन थरांच्या ग्राफीनमध्ये ही फट २५० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेता येते, हे बर्कलीत २००९मध्ये दिसलं. फट पडताना बँडचा काठ आणखी सपाट होतो. आकड्यांचा अंदाज हवा असेल तर ३० नॅनोमीटर जाड बोरॉन नायट्राइडमागे १ व्होल्ट लावला की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५५ हजार कोटी इलेक्ट्रॉन वाढतात. रासायनिक भेसळ करून हे करायचं तर प्रत्येक घनतेसाठी नवा स्फटिक वाढवावा लागला असता. इथे एकाच नमुन्यात सगळा नकाशा फिरता येतो, तोही रात्रभरात.

चार रकाने

ग्राफीनमधल्या इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, वर किंवा खाली. शिवाय जाळीच्या संवेग-अवकाशात दोन समान कोपरे आहेत, त्यांना व्हॅली म्हणतात. दोन गुणिले दोन, असे चार रकाने. इलेक्ट्रॉन भरायला लागले की साध्या धातूत ते चारही रकान्यांत समान वाटले जातात. कारण उघड आहे: चारांत वाटले तर प्रत्येक रकाना कमी उंचीपर्यंत भरतो, गतिज ऊर्जा वाचते.

पण एकाच रकान्यातले इलेक्ट्रॉन पाउलीच्या नियमामुळे आपोआपच एकमेकांपासून लांब राहतात. वेगवेगळ्या रकान्यांतल्यांना तसं बंधन नाही. ते जवळ येतात आणि प्रतिकर्षणाची किंमत मोजतात. म्हणजे सगळ्यांना एकाच रकान्यात कोंबलं तर प्रतिकर्षण वाचतं आणि गतिज ऊर्जा वाढते. बँड तीव्र चढाचा असेल तर हा सौदा परवडत नाही. सपाट असेल तर परवडतो. स्टोनर यांनी लोहासारख्या चुंबकांसाठी मांडलेला निकष हाच: एका ऊर्जेजवळ मिळणाऱ्या जागा गुणिले परस्परक्रियेची ताकद, हा गुणाकार १च्या वर गेला की समान वाटणी मोडते.

कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे अँड्रिया यंग यांच्या गटानं २०२१मध्ये एबीसी रचनेच्या तीन थरांत हे फार स्वच्छ दाखवलं. माझ्या मते या विषयात शिरायला तो पेपर मॅजिक अँगलपेक्षा चांगला आहे. तिथे फिरवणं नाही, मोआरे (थर फिरवल्यानं उमटणारी मोठी नक्षी) नाही, नुसता शुद्ध स्फटिक आणि दोन गेट. घनता कमी करत गेलं की आधी चारही रकाने भरलेला धातू, मग दोनच रकाने भरलेला ‘हाफ मेटल’, मग एकच रकाना भरलेला ‘क्वार्टर मेटल’. मधल्या पट्ट्यांत अर्धवट वाटणीच्या फेजही आहेत.

हे कळतं कसं? चुंबकीय क्षेत्र हळूहळू वाढवलं की रोध हेलकावे घेतो. त्या हेलकाव्यांची वारंवारता फर्मी पृष्ठाच्या, म्हणजे संवेग-अवकाशात भरलेल्या जागांच्या सीमेच्या, क्षेत्रफळाशी बांधलेली असते. एकूण घनता गेटवरून माहीत असते. एकूण घनतेशी तुलना करता एका पृष्ठाचं क्षेत्रफळ चौथाई आलं तर चार रकाने भरलेत, अर्धं आलं तर दोन, पूर्ण आलं तर एकच. यात बसवून घेण्याजोगा कुठलाही अंदाज नाही. क्वार्टर मेटलमध्ये व्हॅलीही एकच निवडलेली असल्यामुळे बाहेरून चुंबकीय क्षेत्र न लावता हॉल व्होल्टेज दिसतं, आणि त्यात चुंबकासारखा हिस्टेरेसिसही (आधीच्या स्थितीची आठवण). ग्राफीनमधलं हे चुंबकत्व मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या कक्षीय फिरण्यातून येतं. त्यात लोह, निकेल, कोबाल्ट यांचा एक अणूही लागत नाही.

मग याला ट्रान्झिशन का म्हणायचं

कारण समान वाटणी ही एक सममिती आहे आणि एका ठरावीक घनतेला ती मोडते. पाणी गोठताना तापमान बदलतं. इथे घनता आणि विद्युत क्षेत्र बदलतं. अगदी खालच्या तापमानाला होणाऱ्या अशा बदलाला क्वांटम फेज ट्रान्झिशन म्हणतात. बदल घडवणारं उष्णतेचं थरथरणं नसतं, गतिज ऊर्जा आणि प्रतिकर्षण यांची ओढाताण असते. पण संज्ञेपेक्षा पुरावा पाहा: इलेक्ट्रॉन-वायूची संपीड्यता (तो किती सहज दाबला जातो) मोजली तर या सीमांवर तिचं मूल्य एकदम ऋण दिशेला झेपावतं. पहिल्या वर्गाच्या, म्हणजे एकदम उडी मारून होणाऱ्या, बदलाची ही ओळखीची खूण.

तापमानाची बाजूही सोडू नका, कारण द्विमितीत तिथे एक अडचण दडलेली आहे. मर्मिन आणि वॅग्नर यांच्या प्रमेयानुसार द्विमितीत सलग सममिती शून्यापेक्षा वरच्या कुठल्याही तापमानाला खऱ्या अर्थानं मोडत नाही. स्पिन कुठल्याही दिशेला वळू शकतो, म्हणून निव्वळ स्पिनच्या चुंबकत्वाला इथे तीक्ष्ण तापमान मिळत नाही. व्हॅली मात्र दोनच, ही किंवा ती, त्यामुळे व्हॅलीच्या निवडीला खरं ठरावीक तापमान असू शकतं. अतिवाहकतेचं ट्रान्झिशन आणखी वेगळ्या जातीचं, कोस्टरलिट्झ आणि थाउलेस यांनी सांगितलेलं, भोवऱ्यांच्या जोड्या सुटण्याचं. त्या तापमानाला व्होल्टेज प्रवाहाच्या घनाप्रमाणे वाढतं. नमुना अतिवाहक आहे असा दावा पाहिलात की हा आलेख शोधा.

तापमानाबद्दल एक उलटी गोष्टही आहे. हेलियम-३ ०.३ केल्विनच्या खाली, योग्य दाबाखाली, तापवल्यावर गोठतं, कारण घन अवस्थेतल्या मोकळ्या अणुकेंद्री स्पिनांची एंट्रॉपी द्रवापेक्षा जास्त असते. हे पोमेरान्चुक यांनी १९५०मध्ये सांगितलं. २०२१मध्ये दोन गटांनी, एक रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतला आणि एक सांता बार्बराचा, मॅजिक अँगल ग्राफीनमध्ये तेच दाखवलं. तापमान वाढवल्यावर साधा धातू जाऊन रकाने निवडलेली फेज आली. प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे जवळपास एका बोल्ट्झमन स्थिरांकाएवढी जास्तीची एंट्रॉपी मिळते आणि सममिती मोडलेली फेज त्या बळावर जिंकते. ‘थंड केलं की सुव्यवस्था’ हे वाक्य पाठ असणाऱ्यांनी हे दोन पेपर जरूर वाचावेत.

फिरवलेले थर

दोन थर किंचित फिरवून ठेवले की मोठ्या आकाराची मोआरे जाळी उमटते. १.१ अंशाला तिची पुनरावृत्ती सुमारे १३ नॅनोमीटरवर होते आणि एका मोआरे घरात साधारण ११ हजार अणू मावतात. बिस्ट्रित्झर आणि मॅकडोनाल्ड यांनी २०११मध्ये गणितानं दाखवलं की १.०५ अंशाजवळ इलेक्ट्रॉनचा वेग शून्याकडे जातो, म्हणजे बँड सपाट होतो. त्याची रुंदी १० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, आणि १३ नॅनोमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रॉनांचं प्रतिकर्षण साधारण २०. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. एमआयटीतल्या पाब्लो हारियो-हेरेरो यांच्या गटानं २०१८मध्ये अर्ध्या भरलेल्या बँडला विसंवाहक आणि त्याच्या शेजारी १.७ केल्विनपर्यंत अतिवाहक पाहिला.

इथेही रकाने चारच. एका मोआरे घरात चार इलेक्ट्रॉन बसले की बँड भरला. त्याला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.८ लाख कोटी इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे वर सांगितलेल्या गेटवर पाचेक व्होल्ट. भरताना दर घरामागे एक, दोन, तीन इलेक्ट्रॉन अशा पूर्णांकांजवळ वाटणी पुन्हा पुन्हा मोडते. २०२०मध्ये या उतरंडीचं थेट मोजमाप झालं. कुप्रेट (तांब्याच्या ऑक्साइडच्या) अतिवाहकांशी तुलना सुरुवातीला फार झाली. आलेख सारखे दिसतात हे खरं, पण कुप्रेटमध्ये व्हॅली नाही आणि रकान्यांची ही उतरंडही नाही. ती तुलना आता थोडी बाजूला ठेवलेली बरी.

फिरवलेल्या नमुन्यांची खरी डोकेदुखी म्हणजे कोन सगळीकडे सारखा नसतो. एकाच नमुन्यात तो अंशाच्या दहाव्या भागानं बदलू शकतो, आणि तेवढा फरक फेज बदलायला पुरतो. त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे ‘१.१ अंश’वाले नमुने वेगळे वागले तर आश्चर्य मानू नका. स्फटिकी थरांत ही भानगड नाही, तिथले आलेख नमुन्यागणिक बरेच जुळतात.

अतिवाहकता आणि अपूर्णांक

एबीसी त्रिस्तरातही अतिवाहकता सापडली, १०० मिलिकेल्विनच्या आसपास, आणि नेमकी रकान्यांची वाटणी मोडण्याच्या सीमेला चिकटून. बर्नाल द्विस्तरात २०२२मध्ये ती २६ मिलिकेल्विनला दिसली, पण थरांना समांतर चुंबकीय क्षेत्र १५० मिलिटेस्लाच्या पुढे नेल्यावरच. अतिवाहकता इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांतून येते, आणि एरवी चुंबकीय क्षेत्र त्या जोड्या मोडतं. विरुद्ध स्पिनांच्या जोडीची सहनशक्ती एका केल्विनमागे सुमारे १.८६ टेस्ला धरतात. २६ मिलिकेल्विनसाठी ती ५० मिलिटेस्लाच्याही खाली. म्हणजे जोडीतले दोघे एकाच स्पिनचे असण्याची शक्यता दाट. त्याच द्विस्तराला टंगस्टन डायसेलेनाइड लावलं की क्षेत्राशिवायच २६० मिलिकेल्विनपर्यंत अतिवाहकता मिळते, हे कॅल्टेकमध्ये दिसलं. यावरून ‘फोनॉन (जाळीची कंपनं) नाहीत, सगळं चुंबकत्वच’ असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो घाईचा वाटतो. सीमेजवळ इलेक्ट्रॉनांना मिळणाऱ्या जागाही झपाट्यानं बदलतात, आणि जागा वाढल्या की साधी फोनॉनची जोडणीही बळावते.

सगळ्यांत पुढचं टोक चार-पाच थरांत आहे. लाँग जू यांच्या एमआयटीतल्या गटानं २०२४मध्ये बोरॉन नायट्राइडशी जवळपास जुळवलेल्या पाच थरांच्या एबीसी ग्राफीनमध्ये, बाहेरचं चुंबकीय क्षेत्र न लावता, हॉल रोधाचे दोन-तृतीयांश, तीन-पंचमांश, दोन-पंचमांश असे अपूर्णांकी टप्पे मोजले. गंमत अशी की हे दिसतं तेव्हा विद्युत क्षेत्रानं इलेक्ट्रॉनांना मोआरेपासून दूरच्या थरात ढकललेलं असतं. मग मोआरेचं काम नक्की किती? त्यात २०२५मध्ये त्याच गटानं नमुने आणखी थंड करून अगदी कमी प्रवाहानं मोजले, तेव्हा काही अपूर्णांकी टप्पे जाऊन त्या जागी पूर्णांकी टप्पाच लांबवर पसरलेला दिसला. इलेक्ट्रॉन स्वतःच स्फटिकासारखे बसतात आणि तरी हॉल रोध पूर्णांकी राहतो, अशी एक मांडणी सिद्धान्तवाले करतात. मला ती पटण्याजोगी वाटते, पण तो स्फटिक थेट डोळ्यासमोर आणणारा प्रयोग हवा.

चार आणि पाच थरांतच, २०२५मध्ये, क्वार्टर मेटलमधून ३०० मिलिकेल्विनपर्यंतची अतिवाहकता आणि तिच्यात चुंबकी हिस्टेरेसिस असं दोन्ही एकत्र दिसलं. दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच रकान्यातले, म्हणजे स्पिनही तोच आणि व्हॅलीही तीच. मग जोडीच्या तरंगफलाला अवकाशात चिन्ह बदलावंच लागतं. लेखकांनी ‘खुणा’ एवढाच शब्द वापरलाय, तुम्हीही तेवढाच वापरा.

प्रोजेक्टचं

डायल्यूशन फ्रिज (मिलिकेल्विनपर्यंत थंड करणारं यंत्र) नसेल तर प्रयोगाचा नाद सोडा, किंवा उन्हाळ्यात टीआयएफआर अथवा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) संधी पाहा. टीआयएफआरच्या गटानं फिरवलेल्या दोन द्विस्तरांत बेरी वक्रतेच्या (इलेक्ट्रॉन-तरंगांच्या एका भौमितिक गुणधर्माच्या) मोजमापातून टोपॉलॉजीचा बदल ओळखणारं काम २०२२मध्ये केलं, आणि आयआयएससीत अरिंदम घोष यांच्या गटानं मॅजिक अँगलजवळच्या नमुन्यांत तापविद्युत मोजली.

लॅपटॉपवर मात्र बरंच होतं. एबीसी त्रिस्तराचा बँड घ्या, लंब क्षेत्रासाठी वर-खालच्या थरांत विभवांतर घाला, चार रकान्यांच्या घनता हे चार चल धरा. एकूण ऊर्जा म्हणजे प्रत्येक रकान्याची गतिज ऊर्जा अधिक वेगवेगळ्या रकान्यांमधल्या घनतांचा गुणाकार गुणिले एक स्थिरांक. एकूण घनता पक्की ठेवून ही ऊर्जा किमान करा. पूर्ण, हाफ आणि क्वार्टर मेटलच्या सीमा तुमच्या पडद्यावर उमटतील. एवढ्यावर हाफ मेटलमधले दोन रकाने कोणते हे मात्र ठरणार नाही, सगळ्या जोड्या सारख्याच येतील. त्यासाठी दोन व्हॅलींतल्या स्पिनांना समांतर ठेवणारी छोटी हुंड संज्ञा घाला, तिचं चिन्ह उलटवून पाहा, आणि कुठल्या चिन्हाला २०२१च्या पेपरातला नकाशा जुळतो ते तपासा.